लांबी

माझ्या पिशवीत लाल उजेडाची बॅटरी,
लांबीची ट्यूब, पत्र्याची एक पट्टी,
आणि ‘तपासणी चालू आहे’ असा पिवळा फलक,
त्याचा एक पाय मोडलेला.

तेगूच्या भुयारी रेल्वेची अकरा स्थानकं,
तिथली बायकांची शौचालयं माझ्याकडे.
त्याआधी सव्वीस वर्षं गिरणीत.
काम तेच होतं म्हणा,
तागा उलगडून दिव्यासमोर धरायचा
आणि उजेड आला तिथे खडूची खूण.

आता उजेड मी टाकते.
कडीवर, बिजागरीवर, कागदाच्या पेटीखाली,
स्क्रू निघून गेलेल्या प्रत्येक भोकात.
आत भिंग असेल तर चमकतं.
नसेल तर लांबी भरायची, बोट फिरवायचं,
पुढचं दार.

चार वर्षांत एकदाच चमकलं.
गुडघ्यावर बसून पाहिलं:
च्युइंगगमची चांदी.
साहेब म्हणाले, सापडत नाही म्हणजे काम नीट चाललंय.
मी मान हलवली.

बायकांचा मात्र विश्वास नाही, ना साहेबांवर ना माझ्यावर.
त्या येतात आणि स्वतःच बोळे कोंबतात,
टिश्यूचे, तिकिटांचे, जे हाताला लागेल त्याचे.
मी ते उपसते, नियम आहे.
एकदा एक उलगडला. पावतीच्या पाठीवर
घाईघाईचं अक्षर:
मी पाहिलंय, काही नाही, बस निवांत.
तो मी होता तसा परत खुपसला.
नियमात बसत नाही ते.

दोकसू रात्री माझ्याकडे पाठ करून निजतो.
वय झालं, कंबर धरते, म्हणतो.
जमीन गरम असते, पांघरूण एकच,
मधे एक वीत थंड.
मी म्हणायचे, चालायचंच,
बस चालवून चालवून दमतो माणूस.

परवा तहान लागली म्हणून जाग आली.
खिडकीच्या काचेत त्याचा फोन,
आवाज बंद.
त्यात एक बाई होती. तिला मी पाहिलं नाही,
खरं सांगते, तिचं तोंडही सांगता येणार नाही.
मी फरशी पाहिली.
हिरवी, डावीकडची तिसरी, कोपरा उडालेली.
पानवोल्दांग, दोन नंबरचं दार.
तो कोपरा मी किती वेळा पुसलाय.

पाणी प्यायले.
म्हटलं, काय बघतोस?
फोन उताणा होता, तो पालथा झाला.
“ओळखीचं कुणी नाही त्यात,” म्हणाला.
मग थोड्या वेळाने,
“सगळेच बघतात. बसडेपोत तर जेवताना.”
आणि आणखी थोड्या वेळाने तो घोरला, खरंच घोरला.

सकाळी आधी तिथेच गेले.
फरशीच्या वर भोक होतं.
माझीच लांबी, कोरून काढलेली,
खाली पांढरा चुरा.
मी कळवलं, फोटो काढले, फॉर्म भरला.
‘कसे आढळले?’ या रकान्यात
‘नेहमीच्या तपासणीत’ असं लिहिलं,
कारण दुसऱ्या शब्दांना
त्या रकान्यात जागा नव्हती.
की मीच केली नाही?
अजून ठरत नाही.

दुपारी बोरामचा फोन, सोलहून.
चुसकच्या सणाला येऊ ना आई, दोन रात्री राहीन,
बाबांना आवडते ती सुकी मासळी आणते.
ये, म्हटलं.
आवाज ठीक होता माझा, तिने काही विचारलं नाही.

दोकसू दुसऱ्या पाळीला गेल्यावर
मी घरच्या न्हाणीत दिवा मालवला
आणि लाल बॅटरी लावली.
आरशाच्या वर एक भोक आहे.
टॉवेलची खुंटी होती तिथे,
बोराम सहावीत असताना मीच ठोकलेली,
मागच्या थंडीत निघाली. मला माहीत आहे.
आत खोल, कोरडं, विटेचा रंग.
काही चमकलं नाही.

तरी ट्यूब उघडली.